गजराचं पीठ

समिंद्रा : एवढंच हाय, आत्या.

कडूबाई : एवढंच कसं? डबा हालीव. बुडाला बसलं आसंल. तुझ्या भावानं उष्टावणाला तांदूळ आणलं, मूग आणलं, खपली गहू आणला. भाजून, दळून, फडक्यातनं चाळून डबा भरला हुतास. पोरीनं खाऊन खाऊन किती खाल्लं आसंल?

समिंद्रा : दोन बोटं चाटायची.

कडूबाई : त्येच म्हंते मी. वत परातीत. मैद्यावानी पीठ हाय, पाव्हण्यांच्या ताटाला शोभंल. घरात गव्हाचा दाणा न्हाय, आन् सोजरला बघायला आलेल्या माणसापुढं जुंधळ्याचं लाडू ठिवू का? गूळ फोडलास?

समिंद्रा : फोडला.

कडूबाई : पाक कर. पातळ ठीव, लाडू मऊ ऱ्हायलं पायजेत. मुलाची आजी येणार हाय संगं.

समिंद्रा : ह्यात जायफळ हाय, आत्या. ओवा बी.

कडूबाई : आसू दे. वास येतोय झ्याक.

समिंद्रा : गजराचा वास येतोय.

कडूबाई : पिठाला पिठाचा वास येतो. पाक बघ, करपंल. आन् त्यो पत्र्याचा डबा खाली काड, नर्सबाईनं दिल्याला. म्हस आटली, चहाला दूध कुटनं आणू? भुकटी हाय न्हवं आजून?

समिंद्रा : अर्धा डबा हाय.

कडूबाई : झालं तर मग. सरकारनं दिली, सरकारच्या नावानं पाव्हण्याला पाजू.

समिंद्रा : आदी गार पाण्यात कालवावी लागती. तशीच चहात टाकली तर गठुळ्या हुत्यात.

कडूबाई : मंग कालीव. तुला ठावं हाय त्ये.

समिंद्रा : तिला तशीच द्यायची. गार पाण्यात आदी, मंग कोमट. गठुळी आली की थुकायची.

कडूबाई : समिंद्रा.

समिंद्रा : काय?

कडूबाई : परवापासनं मी तुला काय बोलले न्हाय. निजलीस, निजू दिलं. जेवली न्हाईस, काय म्हनले न्हाय. आजचा दिस नीट ऱ्हा. पाव्हणी माकणीहून निघाल्यात, रातीला तुळजापूरला मुक्काम, सकाळी देवीचं दर्शन करून यष्टीनं फाट्यावर उतरत्याल. आता निरोप धाडायचा म्हनलं तरी कुटं धाडणार?

समिंद्रा : म्या कुटं म्हंते निरोप धाडा?

कडूबाई : तोंडानं म्हनत न्हाईस. पदर भिजलाय बघ तुझा.

समिंद्रा : दूध येतंय.

कडूबाई : फडकं बांध म्हनलं हुतं घट्ट.

समिंद्रा : बांधलंय.

कडूबाई : तरीबी येतंय?

समिंद्रा : त्याला आजून ठावं न्हाय.

कडूबाई : आसलं बोलू नगंस. दुसरी चोळी घाल, पदर फुडनं घे. बाया आत येत्याल, त्येंचं डोळं लई बारीक असत्यात. आन् लाडू वळ हात चालवून. मी चुलीकडं बघते.

समिंद्रा : शेजारची चाँदबी काल भाकऱ्या घिऊन आली हुती.

कडूबाई : मंग?

समिंद्रा : तुमी परत धाडल्या.

कडूबाई : धाडणार न्हाय तर काय? त्येंच्यात मयताच्या घरी तीन दिस चूल पेटवत न्हाईत, शेजारचं आणून देत्यात. चांगलं हाय त्येंचं. पर आपल्यात चूल पेटली हुती. पेटलेल्या चुलीच्या घरात मयताच्या भाकरी घिऊन आली तर लोकं काय म्हनत्याल?

समिंद्रा : मयत झालं म्हनत्याल.

कडूबाई : दात न आलेल्या लेकराचं मयत नसतं. आंघूळ केली, झालं. सुतक न्हाय, दहावं न्हाय, बारावं न्हाय. म्या काडलेलं न्हाय ह्ये. माझ्या सासूच्या सासूपासनं हाय.

समिंद्रा : दात आला हुता.

कडूबाई : झालं परत सुरू.

समिंद्रा : आला हुता, आत्या.

कडूबाई : कुणी बघितला?

समिंद्रा : म्या. चमच्यानं चारत हुते. कट्‌ वाजलं. बोट घातलं तर चावली.

कडूबाई : हिरडी टणक झाली आसंल.

समिंद्रा : बोटावर वळ उठला. हिरडीनं उठतो का?

कडूबाई : आन् मंग तवाच का सांगितलं न्हाईस? लेकराला दात आला की आई गावभर मिरवती. समद्या आळीला बोलावून तोंड उघडून दावती. तू मुकी हुतीस का?

समिंद्रा : वरचा हुता.

कडूबाई : काय?

समिंद्रा : वरचा आदी आला. वरचा आदी आला की मामावर येतं म्हंत्यात. मला एकलाच भाऊ हाय. तुमी म्हनला असता, पोरगी मामाला गिळायला आली. म्हनला नसता का?

कडूबाई : म्हनले असते. खोटं कशाला बोलू.

समिंद्रा : म्हनून झाकला. खालचा यीस्तवर कुणाला सांगायचं न्हाय, असं ठरीवलं. खालचा आला की म्हननार हुते, दोनी संगंच आलं. कुणी घ्यायला आलं की मी म्हनायची, राहू द्या, लाळ गळतीय. सोजरजवळ दिली तरी फडकं तोंडावर वडून द्यायची.

कडूबाई : बलभीमाला बी सांगितलं न्हाईस?

समिंद्रा : सांगितलं. त्येनी तिला फडक्यात गुंडाळून उचलली तवा सांगितलं. म्हनलं, आपल्या पोरीला दात आलाय, तेवडं आत्याला सांगा. त्ये म्हनले, आता कशाला काडतीस.

कडूबाई : बरोबर म्हनला. माझा ल्योक हाय, डोकं हाय त्याला. आता ऐक. जे कुणाला दावलं न्हाय त्ये न्हवतं. मातीआड झालं. आता तू दात म्हनलीस तर घरात सुतक आलं. सुतक आलं म्हंजी पाव्हणी उंबऱ्यावरनं पाणी न पिता माघारी. आन् नुसती माघारी न्हाय, पोरगी बघायला गेलो आन् घरात मढं, म्हनून गावोगाव सांगत जात्याल. सोजरला कोण करंल मंग? तिच्या बरूबरीच्या पोरींच्या कडंवर लेकरं हायेत. पहिल्यांदा आली ती रंग बघून गेली. दुसरी आली ती हुंडा ऐकून गेली. ही तिसरी. तुला नणंद नगं झाली का?

समिंद्रा : तिचं नाव कशाला घेता? गजराला माझ्याहून जास्ती तिनंच खेळीवली.

कडूबाई : त्येच तर. तिच्यासाठनं गप ऱ्हा. तिला बी मी दोन दिस रडू दिलं न्हाय. डोळं सुजलं तर मुलाकडची काय म्हनत्याल? बसलीय आत गप. चाँदबी येणी घालतीया.

समिंद्रा : तिच्या लुगड्याला गाडी गेली हुती तुळजापूरला.

कडूबाई : आता त्येचं काय?

समिंद्रा : काय न्हाय. म्या म्हनले हुते, मला आन् लेकराला बी घ्या. हगवण थांबंना, डोळं आत गेल्यात. दवाखान्यात उतरवा. तुमी म्हनलात, पोरगी गाडीत हगली तर नव्या लुगड्याला वास लागंल.

कडूबाई : म्या म्हनले तसं?

समिंद्रा : व्हय.

कडूबाई : येताना म्हनून म्हनले आसंन.

समिंद्रा : जाताना तर गाडी मोकळीच हुती.

कडूबाई : लाडू वळ. पाक गार हुतोय.

समिंद्रा : वळतेय.

कडूबाई : ल्हान वळ. एवडं मोठं नगं. पुरलं पायजेत.

समिंद्रा : पुरत्याल. तिला पावसाळाभर पुरलं असतं.

कडूबाई : आन् कुणी इचारलं लेकरू कुटंय, तर निजलंय म्हनायचं. ध्यानात ठीव.

समिंद्रा : निजलंय.

कडूबाई : व्हय.

समिंद्रा : कवापासनं निजलंय म्हनू?

कडूबाई : तुला हात जोडते, समिंद्रा. सासू हाय मी तुजी, तुज्या फुडं हात जोडते. त्येनी पोरगी बघून पान खाल्लं की मंग तू बोंबल, छाती बडव, मला शिव्या घाल. पर तेवडा येळ जाऊ दे.

समिंद्रा : मला बोंबलायचं न्हाय.

कडूबाई : मंग काय पायजे तुला?

समिंद्रा : सुतक पायजे.

कडूबाई : कुत्री भुकायली बघ. आली वाटतं. चोळी बदल आदी. जा, ऊठ!

(पाहुणे आले. पुरुष सोप्यात बसले. मुलाची आजी विठाबाई काठी टेकत आत आली आणि चुलीपाशी बसली.)

विठाबाई : बाप्यांत बसून काय करू? त्येंचं आपलं निजाम गेला, म्हाराष्ट्र आला, माकणीला पक्की सडक कवा येणार. सडक येईल तवा मी नसणार, मला काय करायची? हितं ऊब तरी हाय.

कडूबाई : बसा, आत्याबाई, बसा. ह्ये घ्या गोणपाट. समिंद्रा, चहा दे आजीस्नी. ही माजी सून.

विठाबाई : ऱ्हाऊ दे बसलेली. पोरगी कुटंय आमची? सोजर न्हवं नाव?

कडूबाई : येतीय, येतीय. आत येणी घालतीया. मुलगी गुणाची हाय, आत्याबाई. उगा माजी म्हनून सांगत न्हाय. जात्यावर बसली तर उठायचं नाव घेत न्हाय. घ्या, लाडू घ्या.

विठाबाई : लाडू? बाई, माज्या तोंडात आता खिडक्या बी न्हाईत, निस्ती चौकट ऱ्हायली.

कडूबाई : तुमच्यासाठनंच मऊ केल्यात. दाबून तर बघा.

विठाबाई : व्हय की ग. हातात घेतला की फुटतोय. हं... हं. तोंडात घातला की गेला. कुणी केलं?

कडूबाई : सुनंनं.

विठाबाई : हात चांगला हाय पोरी तुजा. आन्खी एक दे. पीठ कशाचं म्हनायचं?

कडूबाई : गव्हाचं.

विठाबाई : गहू हाय, पर निस्ता गहू न्हाय. तांदूळ हाय. मूग बी भाजलाय.

कडूबाई : हां, थोडं थोडं घातलंय. चव यीती.

विठाबाई : आन् जायफळ. ओवा. लाडवात ओवा कोण घालतं, ईहीणबाई?

कडूबाई : आमच्याकडं घालत्यात.

विठाबाई : तुळजापुराकडं? बरं बाई, आसंल. आमी तिकडची येडी माणसं. आमच्याकडं ओवा लेकराच्या पिठात घालत्यात, पोट फुगू नये म्हनून. सात लेकरांचं दळलंय म्या, नातवंडांचं येगळं. नाकाला कळतं मला. लेकराचंच पीठ हाय न्हवं?

कडूबाई : उरलं हुतं थोडं. चांगलं हुतं, म्हनलं वाया कशाला घालायचं.

विठाबाई : बरं केलं. अन्न हाय. केवडं हाय लेकरू?

कडूबाई : सातवा सरला.

विठाबाई : मंग उरंल कसं पीठ? सातव्यात तर खायाला लागत्यात. आवं, सोन्यावानी पीठ लेकराच्या तोंडचं काडून पाव्हण्याला कशाला घालायचं? आमी काय राजं हाव का?

कडूबाई : तिला आवडतच न्हाय. तोंड फिरविती.

विठाबाई : कुटंय? आणा की जरा. म्हातारीच्या मांडीवर द्या.

कडूबाई : निजलंय.

विठाबाई : निजूं दे मंग. पोरी, चहा बी त्याच्याच भुकटीचा हाय का ग? आमच्यात बी नर्स वाटती. जिभंला साय चिकटल्यावानी लागतं.

समिंद्रा : व्हय.

विठाबाई : तुज्या तोंडातनं आवाज आला म्हनायचा. मला वाटलं मुकी हायेस. आन् हिकडं बघ. आगं, लुगडं भिजलंय तुजं पार. भरून आलंय तुला. उठीव त्या लेकराला, आन् घे पदराखाली. लाजतीस व्हय माज्या फुडं? मी काय बाप्या हाय का?

कडूबाई : आत्ताच पाजलंय तिनं.

विठाबाई : आत्ता पाजलेल्या बाईचं आसं वाहत न्हाय, ईहीणबाई. ही कवापासनं पाजलेली न्हाय. छाती दगड झाली आसंल. ताप यील तिला. लेकरू आजारी हाय का?

कडूबाई : न्हाय वो. निजलंय म्हनलं न्हवं.

विठाबाई : मी हिला इचारते. काय ग, कुटंय लेकरू?

कडूबाई : समिंद्रा!

समिंद्रा : गेलं.

विठाबाई : कवा?

समिंद्रा : परवा.

कडूबाई : आत्याबाई, मी सांगनारच हुते. झाकायचं काय त्यात. ल्हान हुतं, बारीक जीव, हगवण लागली, दोन दिसात खेळ झाला. देवाची मर्जी. आमी आंघोळी केल्या, घर सारवून घेतलं. इटाळ न्हाय कसला. बोळक्या तोंडाचं लेकरू. सुतक लागत न्हाय, तुमाला तर समदं ठावं हाय.

विठाबाई : बोळक्या तोंडाचं हुतं?

कडूबाई : निस्तं बोळकं. हात घातला तर कुटं टोचायचं न्हाय.

विठाबाई : बोळक्या तोंडाचं सुतक न्हाय म्हंजी मग मी मेले की माजं बी धरत न्हाईत म्हना. सुना खूश हुत्याल.

कडूबाई : तुमचं आपलं काय तरीच. इनोदी हाईसा तुमी.

विठाबाई : हसू नका. मी खाल्लंय हितं, म्हनून इचारते. माजा ल्योक, नातू, भाहेर बसून खायाल्यात. पोरी, तू आई हायेस. तू सांग. दात हुता का?

कडूबाई : तिला काय इचारता? ती सुदीवर न्हाय परवापासनं. काय बी बोलती.

विठाबाई : लेकराच्या तोंडात बोट तुमी घालत हुता का ही?

कडूबाई : समिंद्रा, सोजर आत बसलीय. आईकतीय ती. तोंड उघडायच्या आदी तिला ध्यानात घे.

समिंद्रा : हुता.

कडूबाई : मेलीस तू मला.

विठाबाई : किती?

समिंद्रा : एक. वरचा.

विठाबाई : वरचा आदी?

समिंद्रा : व्हय.

विठाबाई : भाऊ हाय तुला?

समिंद्रा : हाय. एकलाच.

विठाबाई : म्हनून दावला न्हाईस.

समिंद्रा : व्हय.

विठाबाई : दुसऱ्या कुणी बघितला?

समिंद्रा : न्हाय.

कडूबाई : बघितलं? कुणी बघितला न्हाय! निस्तं हिनं मनानं काडलंय. आसल्या बाईच्या बोलण्यावर माज्या लेकीचा जलम...

विठाबाई : ईहीणबाई, थांबा जरा. आईनं बघितला म्हंजी बघितला. भूत बघितलं म्हनली नसती, दात बघितला म्हनतीय. मंग ह्ये सुतकाचं घर हाय. आन् मी सुतकाच्या घरात बसून दोन लाडू खाल्लं.

समिंद्रा : व्हय.

विठाबाई : तिच्याच पिठाचं.

समिंद्रा : व्हय.

विठाबाई : मी खायच्या आदी बोलली असतीस तर?

समिंद्रा : तुमी इचारलं न्हाय.

विठाबाई : शेवटचा घास तोंडातच घोळतोय माज्या आजून. थुकू का गिळू?

समिंद्रा : गिळा. चांगल्या पिठाचा हाय. भाजताना करपू दिलं न्हाय म्या.

विठाबाई : ...गिळला. पाणी दे. नाव काय ठिवलं हुतं?

समिंद्रा : गजरा.

विठाबाई : हात दे मला, उठते. काठी कुटंय? शिरपती! आरं लेका शिरपती! हातातलं खाली ठिवा आन् उठा. पोरगी बघायची न्हाय आज. का म्हनून इचारू नगंस, वाटंला सांगते. सुतक हाय घरात.

कडूबाई : आत्याबाई, पाया पडते तुमच्या. आदी पोरगी बघून घ्या. निस्ती एक डाव बघून घ्या. नटून बसलीय. लुगडं नवं घेतलंय वो तिला.

विठाबाई : मयताच्या घरात नवं लुगडं बघू का मी? पाया नका पडू. तुमी मला खोटं बोलून खाऊ घातलंत. त्याचा राग हाय मला, झाकून कशाला ठिवू. सुतक फिटलं की निरोप धाडा. तवर माज्या ल्योकानं दुसरी बघितली तर मी नगं म्हननार न्हाय. न्हाय बघितली तर यीन मी. मी यीन, बाकीच्यांचं ठावं न्हाय. पोरी, छातीला मोगऱ्याची फुलं बांध. दूध उतरंल. फडक्यानं उतरत न्हाय.

समिंद्रा : बरं.

विठाबाई : वाटंला पाण्याचा वढा लागतो न्हवं? आंघूळ करून जाऊ आमी.

(पाहुणे उठून निघून गेले.)

कडूबाई : गेली का?

समिंद्रा : गेली. लिंबापतूर गेली. मागं बघितलं न्हाय कुणी.

कडूबाई : मामंजी काय करायलेत तुजं?

समिंद्रा : भाहेरच बसल्यात. पानाचं ताट तसंच हाय फुडं.

कडूबाई : आन् बलभीम?

समिंद्रा : गोठ्यात गेलं.

कडूबाई : समाधान झालं तुजं?

समिंद्रा : न्हाय.

कडूबाई : मंग कशाला बोललीस? काय मिळालं? पोरगी परत आली का? माज्या लेकीच्या नशिबावर वरवंटा फिरीवलास. तुज्या त्या एका दातापायी. खसखशीएवडा दात. माजा संसार फोडला त्यानं.

समिंद्रा : व्हय.

कडूबाई : व्हय काय व्हय? दोन शिव्या तरी घाल मला. निस्तं मातीच्या बाहुलीवानी व्हय व्हय करतीय. गाडीचं बोल. लुगड्याचं बोल. मघाशी बोलत हुतीस ना?

समिंद्रा : बोलून झालं.

कडूबाई : कोण रडतंय ग?

समिंद्रा : सोजर.

कडूबाई : रडंल न्हाय तर काय करंल. तिसरं स्थळ गेलं. जा, तोंड दाखीव तिला तुजं.

समिंद्रा : स्थळासाठनं रडत न्हाय ती. कान देऊन आईका.

कडूबाई : ...गजरा म्हनतीय.

समिंद्रा : दोन दिस म्हनू दिलं न्हाय तिला.

कडूबाई : मला वाटलं तिला इसर पडला.

समिंद्रा : चाँदबी बसलीय तिच्याजवळ. बसू द्या.

कडूबाई : चूल इझीव मंग. काय ठिवलंय तिच्यावर?

समिंद्रा : डाळ.

कडूबाई : उतरीव. आंघोळीला पाणी बी थंडच घ्यायचं. समद्यास्नी सांगावं लागंल. भाऊबंदास्नी, तुज्या भावाला. काय सांगू त्याला? वरचा दात म्हनू?

समिंद्रा : निस्ता दात म्हना.

कडूबाई : ह्ये लाडू किती ऱ्हायलं?

समिंद्रा : पाटीभर हायेत. भाहेरच्यांनी एकेकच खाल्ला.

कडूबाई : सुतकाचं अन्न भाहेर कुणाला देता येत न्हाय. गड्याला न्हाय, भिकाऱ्याला न्हाय. घरातलं घरातच संपवायचं.

समिंद्रा : संपवू.

कडूबाई : तुज्या घशाखाली उतरंल?

समिंद्रा : तुमी घ्या आदी.

कडूबाई : दे.

समिंद्रा : कसा झालाय?

कडूबाई : गूळ कमी हाय.

समिंद्रा : तुमीच पाक पातळ ठीव म्हनला. मी बी घेते एक.

कडूबाई : खा. परवापासनं पोटात काय न्हाय तुज्या.

समिंद्रा : आत्या, किती दिस धरायचं असतं?

कडूबाई : मला ठावं न्हाय. मोठ्याचं दहा दिस. ल्हानाचं... ह्या घरात ल्हानाचं कुणी धरलंच न्हाय कवा. गुरवाला इचारावं लागंल.

समिंद्रा : तुमची गेली त्येंचं बी न्हाय?

कडूबाई : न्हाय.

समिंद्रा : किती गेली हुती?

कडूबाई : बलभीमाच्या आदी दोन. मागनं एक. शेवटची पोरगी तर पाळण्याला धरून चालाय लागली हुती. सासूनं फडक्यात बांधली, म्हनली बोळकं तोंड हाय, ऊठ, भाकरी थाप, गडी जेवायचं ऱ्हायल्यात.

समिंद्रा : दात हुतं का त्येन्ला?

कडूबाई : तोंड झाकूनच न्हेत्यात, समिंद्रा. म्या बघितलंच न्हाय.